परवा, मेल आणि बेरजेचं चिन्ह

मेलकावेरीला पहिल्यांदा गेले तेव्हा तमिळ अक्षरं मला नुकतीच लागायला लागली होती. कुंभकोणम गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसलंय, आणि मेलकावेरी ही त्याची कावेरीकडची वस्ती. तिथे आमच्या नात्यातलं एक घर आहे. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमाराला तंजावूरला भोसल्यांची गादी बसवली, ती १८५५ पर्यंत चालली. त्या काळात इकडे आलेल्या काही घराण्यांत अजून घरात मराठी आणि दारात तमिळ बोलतात. बसच्या खिडकीतून मी पाट्या वाचायला लागले आणि पहिल्याच अक्षराला अडले.

तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. कुंभकोणम या नावाच्या सुरुवातीला ते 'क' वाचायचं. गांधी या नावाच्या सुरुवातीला तेच 'ग'. इथलं महामहम नावाचं तळं प्रसिद्ध आहे, दर १२ वर्षांनी तिथे मोठा स्नानसोहळा होतो, मागचा २०१६ साली झाला. त्या नावात हेच अक्षर दोनदा येतं आणि दोन्ही वेळा त्याचा 'ह' होतो. मेलकावेरीत ते दुप्पट करून लिहितात, म्हणून तिथे पुन्हा कडक 'क'. आणि जुन्या तमिळ अंकांत हेच अक्षर म्हणजे १.

"एवढं सगळं लक्षात कसं ठेवता ग तुम्ही?" मी भाचीला विचारलं. ती कुंभकोणमलाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकते.

"लक्षात नाही ठेवत, मावशी. शेजारी कोण बसलंय ते बघते."

शब्दाच्या सुरुवातीला असेल तर कडक, दुप्पट असेल तर कडक, अनुनासिकाच्या पाठी असेल तर मऊ, दोन स्वरांच्या मधे असेल तर आणखी सैल. बाहेरून आलेल्या नावांना हा नियम पुरत नाही, ती नावं ओळखीवर वाचायची. अक्षराचा उच्चार अक्षरात नसतोच, तो शेजाऱ्यांवरून ठरतो. वस्तीच्या नावातसुद्धा हेच आहे. तमिळमध्ये 'मेल' म्हणजे वर, आणि 'मेल' म्हणजे पश्चिमही. सह्याद्री पश्चिमेला उंच, कावेरी तिकडून उतरत पूर्वेच्या समुद्राला जाते. इथल्या माणसाला 'वर' आणि 'पश्चिम' या दोन वेगळ्या गोष्टी वाटण्याचं कारणच नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण याहून सोपं आहे. 'परवा आले' आणि 'परवा येते' यांत परवा हा शब्द एकच, दिवस मात्र चार दिवसांच्या अंतरावरचे. कुठला परवा हे क्रियापद सांगतं, आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये एकाच चिन्हाचा अर्थ असा शेजाऱ्यांवरून ठरतो, त्याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. त्या मुक्कामात मी भाचीला ते शिकवत होते, दुपारी, ओट्यावर बसून. तेव्हा जसं उलगडत गेलं तसंच इथे लिहिते.

पायथन या भाषेत २ + ३ लिहिलं तर ५ येतात. "कुंभ" + "कोणम" लिहिलं तर "कुंभकोणम" येतं. दोन याद्यांमधे तेच चिन्ह ठेवलं तर दुसरी यादी पहिलीच्या शेपटीला जोडली जाते. चिन्ह एक, कामं तीन. आणि ५ + "३" लिहिलं तर पायथन सरळ नकार देतं.

हे ठरतं कसं? विद्यार्थ्यांना वाटतं, भाषेच्या पोटात कुठेतरी मोठा तक्ता असेल: दोन संख्या असतील तर हे, दोन शब्द असतील तर ते. तसा तक्ता नाही, विचारपूस आहे. + दिसलं की पायथन डावीकडच्या वस्तूच्या जातीकडे, म्हणजे क्लासकडे जातं आणि विचारतं, तुझ्याकडे __ॲड__ नावाची मेथड आहे का? असेल तर उजवीकडची वस्तू तिच्या हातात देतं. मेथडला जमलं तर ती उत्तर देते. नाही जमलं तर 'नॉट-इम्प्लिमेंटेड' अशी एक खूण परत करते; म्हणजे 'हे मला येत नाही, दुसऱ्याला विचारून बघा'. मग पायथन उजवीकडच्या वस्तूकडे जातं आणि __आरॲड__ नावाची मेथड मागतं. तिचा अर्थ, 'तू उजवीकडे असताना बेरीज कशी करशील?' तिनेही हात वर केले तरच चूक जाहीर होते. म्हणजे चिन्हाचा मालक कोणीच नाही, दोन्ही शेजाऱ्यांना बोलायची संधी आहे, आणि आपण स्वतः बनवलेल्या क्लासलाही तीच.

आता स्वतःचा क्लास म्हणून काय घ्यावं? पुस्तकांतून हमखास संमिश्र संख्या नाहीतर नकाशातले बिंदू घेतात. मला भास्कराचार्य घ्यावेसे वाटले.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी लिहून झाला ११५० साली, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. चाळीसगावजवळ पाटण्याला जो शिलालेख आहे त्यात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांचं बीजगणित उघडलं की सुरुवातीची प्रकरणं अशी येतात: धन-ऋण संख्यांची सहा कृत्यं, शून्याची सहा कृत्यं, अव्यक्ताची, म्हणजे अज्ञात राशीची, सहा कृत्यं, करणींची सहा कृत्यं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ ही सहा कृत्यं प्रत्येक वेळी तीच, आणि संख्येची जात बदलली की प्रत्येकाचा नियम नव्याने सांगितलेला. मी आधी क्लास लिहायला शिकले आणि मग ही अनुक्रमणिका पाहिली. ती पाहून बराच वेळ काही बोलले नाही. मांडणी तीच होती.

करणी म्हणजे ज्या संख्येचं वर्गमूळ पूर्णांकात निघत नाही, ते मूळ. २ चं वर्गमूळ, ८ चं वर्गमूळ. भास्कराचार्य ती 'क २', 'क ८' अशी लिहितात. अव्यक्ताला 'या', साध्या संख्येला, म्हणजे रूपाला, 'रू', ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. बेरीज दाखवायची तर नुसतं शेजारी शेजारी मांडायचं, मधे चिन्ह नाही. (भाची हसून म्हणाली, आमच्याकडे क म्हणजे १, त्यांच्याकडे क म्हणजे मूळ.)

दोन करणींची बेरीज कशी करायची? त्यांचा नियम असा: दोन्ही संख्यांची बेरीज घ्या. दोन्हींचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ही दोन उत्तरं मिळवा, ती नवी करणी. २ आणि ८ घेऊ. बेरीज १०. गुणाकार १६, मूळ ४, दुप्पट ८. दहा आणि आठ अठरा. म्हणजे √२ + √८ = √१८. दशांशात पडताळा: १.४१४ आणि २.८२८ मिळून ४.२४२, आणि १८ चं वर्गमूळ साधारण तेवढंच.

क्लास लिहायला दहा मिनिटं लागली. 'करणी' नावाचा क्लास, आत एक संख्या साठवलेली. __ॲड__ मध्ये वरचा नियम जसाच्या तसा. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, म्हणून भाचीने 'करणी' हे नाव तसंच टंकलं. मग करणी(२) + करणी(८) लिहिलं आणि पडद्यावर करणी(१८) उमटलं. शाळेच्या फळ्यावर जसं लिहू तसं लिहिलं आणि तसंच उत्तर आलं, एवढंच या सगळ्याचं सुख आहे, पण ते खरं सुख आहे.

तिला धीर आला. तिने तीन करणींची यादी केली, २, ८ आणि १८, आणि पायथनचं बेरजेचं तयार फंक्शन 'सम' त्यावर चालवलं. चूक आली. पूर्णांक आणि करणी यांची बेरीज होत नाही म्हणे.

"पूर्णांक कुठून आला? यादीत तर सगळ्या करणीच आहेत."

इथे थांबून बघण्यासारखं आहे. 'सम' हे फंक्शन रिकाम्या हाताने सुरू होत नाही, ते शून्यापासून सुरू करतं. आधी ० + करणी(२). डावीकडे शून्य, म्हणजे पूर्णांक. पूर्णांकाच्या क्लासला करणी कोण हे माहीत असायचं कारण नाही, तो 'मला येत नाही' अशी खूण करतो. मग पायथन करणीकडे वळून __आरॲड__ मागतं, आणि ती मेथड आम्ही लिहिलीच नव्हती. दोन्हीकडून नकार.

__आरॲड__ मध्ये काय लिहायचं? साध्या संख्येला करणीत कसं बसवायचं हेही त्याच प्रकरणात आहे: रूपाचा वर्ग करा, की ती करणी झाली. ५ म्हणजे क २५. मग शून्य म्हणजे क ०, आणि नियम आपोआप चालतो: बेरीज २, गुणाकार ०, उत्तर क २. शून्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली नाही. ऋण ३ चा वर्ग केला तर ९ येतात आणि ऋणपण हरवतं, हा खड्डाही भास्कराचार्यांनी बघून ठेवलाय. ऋण रूपाचा वर्ग करणी बनवण्यासाठी केला असेल तर तो ऋणच धरा, असं ते बजावतात. __आरॲड__ अशी लिहिल्यावर 'सम' चाललं आणि क ७२ मिळालं. पडताळून बघा, बरोबर आहे.

राहिला तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. √२ आणि √३ यांची बेरीज? गुणाकार ६, त्याचं मूळ पूर्णांकात नाही. नियम अडतो. इथे __ॲड__ ने काय परत करावं? दशांश अपूर्णांक द्यावा, तर करणी वापरून नेमकेपणा जपला तो वाया गेला. चूक जाहीर करावी, तर गणिताच्या दृष्टीने ती खोटी चूक, कारण बेरीज आहेच, फक्त एका करणीत मावत नाही. भास्कराचार्य सांगतात, मूळ निघत नसेल तर दोघींना वेगवेगळं शेजारी ठेवा. म्हणजे बेरजेचं उत्तर वेगळ्या जातीचं: करणींची एक रांग. आम्ही 'करणीयोग' असा दुसरा क्लास केला. मला विचाराल तर ओव्हरलोडिंगची खरी परीक्षा इथे होते. सोप्या जोडीचं उत्तर कोणीही देईल. नियम जिथे अडतो तिथे चिन्हाने काय म्हणावं, हे आधी ठरवलेलं हवं.

हे झालं गणितातलं, जिथे + हे बेरीजच राहतं. प्रोग्रॅमर लोकांनी यापुढे जाऊन चिन्हांना अशी कामं दिली आहेत ज्यांचा मूळ अर्थाशी नात्याने संबंध नाही, दिसण्याने किंवा वागण्याने आहे.

यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट सी प्लस प्लस भाषेची. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ साली काम सुरू केलं, भाषेला हे नाव मिळालं १९८३ मध्ये. पडद्यावर काही छापायला फंक्शनऐवजी चिन्ह वापरावं ही कल्पना त्यांना डग मॅकिलरॉय यांनी सुचवली. युनिक्समध्ये एका प्रोग्रॅमचं उत्तर बाणासारख्या चिन्हाने फाईलकडे वळवतात, तशी. पण चिन्ह कोणतं? आधी = बघितलं. ते उजवीकडून डावीकडे बांधतं, म्हणजे छापायच्या दोन गोष्टी एकमेकींतच अडकतात. मग < आणि > बघितली. 'लहान' आणि 'मोठं' हा अर्थ लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसलेला की वाचताना ठेच लागायची. शेवटी << घेतलं. त्याचं मूळ काम संख्येतले बिट डावीकडे सरकवणं, ते रोजच्या वापरात फारसं लागत नाही, आणि दिसायला ते मजकूर पडद्याकडे ढकलणाऱ्या बाणासारखं.

त्या निवडीत एक बारकावा आहे, तो शिकवताना मी कधीच सोडत नाही. आपण शाळेत 'कंचेभागुबेव' घोकलं: आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. भाषेतल्या प्रत्येक चिन्हाला अशी पंगतीतली जागा असते, आणि ओव्हरलोडिंगने तुम्ही अर्थ बदलू शकता, जागा बदलू शकत नाही. << ची जागा बेरजेच्या नंतर. म्हणून छापताना मधे क + ख लिहिलं तर कंस लागत नाही, बेरीज आधी होते आणि उत्तर छापलं जातं. पण तुलनेचं < त्याच्याही नंतर येतं. म्हणून 'क लहान आहे का ख पेक्षा' हे छापायचं तर कंस घालावाच लागतो, नाहीतर आधी क छापला जातो आणि छापण्याच्या यंत्रणेचीच ख शी तुलना होऊ लागते. चिन्ह नवं घर घेतं, पण सवयी जुन्या घरच्याच आणतं. चांगलं ओव्हरलोडिंग कोणतं हे मी यावरून ओळखते: सवयी नव्या घरात उपयोगी पडल्या पाहिजेत.

भागाकाराचं चिन्ह या कसोटीवर फार सुंदर उतरतं. पायथनच्या ३.४ या आवृत्तीत, २०१४ साली, फाईलींचे पत्ते हाताळायला 'पाथलिब' आली. तिचा प्रस्ताव अंत्वान पित्रू यांचा. तिच्यात पथ / "तंजावूर" / "मोडी" असं लिहिलं की फोल्डरचा पूर्ण पत्ता तयार होतो. युनिक्समध्ये पत्त्यातले टप्पे तिरप्या रेघेनेच वेगळे करतात, म्हणजे चिन्ह आधीपासून डोळ्यांच्या ओळखीचं. भागाकार डावीकडून उजवीकडे बांधतो, पत्ताही तसाच बांधायचा असतो. आणि क / ख व ख / क या भागाकारांत वेगळे असतात, पत्त्यातही घरातली खोली म्हणजे खोलीतलं घर नव्हे. तिन्ही सवयी कामाला आल्या. डावीकडे साधा शब्द आणि उजवीकडे पथ असेल तरी चालतं, कारण मघाची उजव्या शेजाऱ्याची विचारपूस इथेही होते. दोन्हीकडे साधे शब्द ठेवले की मात्र नकार; दोघांपैकी एकालाही पत्ता म्हणजे काय हे ठाऊक नाही. नेटवर्कची पाकिटं हाताने घडवायची 'स्केपी' म्हणून जी लायब्ररी आहे तिनेही हीच तिरपी रेघ घेतली, एका थरावर दुसरा थर चढवायला.

पायथनमधून कामांची आखणी करणाऱ्या 'एअरफ्लो'मध्ये >> हे चिन्ह कामांचा क्रम सांगतं. भाचीने त्यावर कॉफी मांडली. कुंभकोणम डिग्री कॉफीसाठी ओळखलं जातं आणि त्या घरात पितळेच्या डबरा-टंबलरशिवाय सकाळ होत नाही. [डिकॉक्शन, दूध] >> मिसळणं >> फेसाळणं. यात गंमत अशी की >> काहीच करत नाही. डिकॉक्शन गाळलं जात नाही, दूध तापत नाही. ते फक्त वहीत नोंद करतं की हे झाल्याशिवाय ते करायचं नाही, आणि उजवीकडचं काम परत देतं, म्हणजे पुढचा >> त्याच्याशी जोडता येतो. सुरुवातीची यादी ही पायथनची साधी यादी, तिला >> म्हणजे काय हे माहीत नाही. तिच्या वतीने उजवीकडचं 'मिसळणं' उत्तर देतं.

ओळ लिहिली की लगेच कृती होते, ही समजूत इथे सुटते. चिन्ह वापरून आपण कृतीचं वर्णन लिहू शकतो आणि ते दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ शकतो. 'स्पिरिट' या सी प्लस प्लसच्या लायब्ररीत असंच एखाद्या भाषेचं अख्खं व्याकरण चिन्हांनी लिहितात: >> म्हणजे 'यानंतर', | म्हणजे 'किंवा', * म्हणजे 'कितीही वेळा'. व्याकरणाच्या पुस्तकांत तारा शब्दानंतर येतो, सी प्लस प्लसमध्ये तो आधीच येऊ शकतो, म्हणून तिथे आधी लिहितात. पुन्हा जुन्या घरची सवय.

डेटाबेससाठी 'एसक्यूएल-अल्केमी' हीच युक्ती == वर वापरते. एखादा रकाना == ५ असं लिहिलं तर उत्तर खरं किंवा खोटं येत नाही. त्यातून 'हा रकाना पाचाएवढा असलेल्या ओळी' असं वाक्य बनतं आणि ते डेटाबेसकडे जातं. रकाना == 'काहीच नाही' असं लिहिलं तर वाक्य बरोबर 'रिकामा आहे' असं बनतं. मला ही कल्पना अतिशय आवडते, आणि तिच्यामुळेच माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे.

एका संस्थेसाठी फी थकलेल्या विद्यार्थ्यांची यादी काढायची होती. अटी दोन: वर्ष चालू असावं आणि फी भरलेली नसावी. मी दोन्ही अटी == ने लिहिल्या आणि मधे पायथनचा 'ॲन्ड' टाकला. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. यादी निघाली आणि पत्रं गेली. ज्यांनी फी भरली होती त्यांनाही गेली. दोन दिवस मी डेटाबेसमध्ये चूक शोधत होते. चूक त्या एका शब्दात होती. पायथनमध्ये +, ==, & यांचे अर्थ बदलता येतात, पण 'ॲन्ड' आणि 'ऑर' यांचे येत नाहीत. 'ॲन्ड' आधी डावीकडच्या गोष्टीला विचारतो, तू खरी की खोटी? डावीकडे होतं एक वाक्य. त्या लायब्ररीत अशा वाक्याला विचारलं तर ते 'माझ्या दोन बाजू म्हणजे एकच वस्तू आहे का' एवढं बघून उत्तर देतं, आणि ते उत्तर अर्थातच 'खोटी'. डावीकडचं खोटं निघालं की 'ॲन्ड' उजवीकडे बघतच नाही, डावीकडचं वाक्य तसंच परत देतो. माझी दुसरी अट डेटाबेसपर्यंत पोचलीच नाही. तिथे & हवं होतं, आणि & ची जागा == च्या आधी असल्यामुळे दोन्ही अटींना कंसही हवे होते. पत्र मिळालेल्या पालकांची मी एकेकाला फोन करून माफी मागितली. तेव्हापासून ओव्हरलोड केलेलं चिन्ह दिसलं की पहिली गोष्ट बघते ती ही: त्याच्या शेजारी न बदलता येणारं काय बसलंय.

जावा ही भाषा १९९५ साली आली तेव्हा तिने ही मुभा प्रोग्रॅमरला दिलीच नाही. शब्द जोडायला + चालतो, बाकी काही नाही. त्या निर्णयामागचं भय मला आता कळतं. तरीही मी तो निर्णय घेतला नसता, आणि त्याचं कारण पुढचं उदाहरण आहे.

जोड-संख्या म्हणता येतील अशा संख्या असतात. प्रत्येकीत दोन भाग: मुख्य आणि सूक्ष्म. सूक्ष्म भाग इतका बारीक धरायचा की त्याचा वर्ग शून्यच. (२, १) म्हणजे २ आणि त्याला चिकटलेला एक कण. बेरीज सरळ, भागाला भाग. गुणाकारात मुख्य गुणिले मुख्य हा मुख्य भाग, आणि सूक्ष्म भागात तिरपे दोन गुणाकार मिळवायचे. कण गुणिले कण सोडून द्यायचा. हा क्लास लिहायला पंधरा ओळी पुरतात.

आता क्ष × क्ष + ३ × क्ष हे साधं फंक्शन घ्या, कोणी तरी काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, जोड-संख्या डोक्यात नसताना. त्यात क्ष म्हणून (२, १) टाका. क्ष × क्ष: मुख्य ४, सूक्ष्म २×१ आणि १×२ मिळून ४; म्हणजे (४, ४). ३ × क्ष: (६, ३). बेरीज (१०, ७). पहिला भाग १० हे फंक्शनचं उत्तर. दुसरा भाग ७ हा त्या बिंदूपाशी फंक्शन किती वेगाने बदलतंय तो वेग. बारावीतल्या कॅल्क्युलसने २क्ष + ३ येतं, क्ष = २ ला ७. आपण विकलनाचा एकही नियम सांगितला नाही. फंक्शनच्या एका अक्षराला हात लावला नाही. फक्त आत नवीन जातीची संख्या सोडली, आणि + व × यांनी आपापल्या नव्या अर्थाने काम करत वेग बाहेर आणला. न्यूरल नेटवर्क शिकवणाऱ्या लायब्ररी वेग काढताना उलट्या दिशेने जातात, पण त्यांचंही मर्म हेच: साध्या दिसणाऱ्या बेरजा-गुणाकारांची चिन्हं प्रत्येक पावलाची नोंद ठेवत जातात. अशी आकडेमोड करणाऱ्या लोकांसाठी पायथनने २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीत, मॅट्रिक्सच्या गुणाकाराला @ हे चिन्ह दिलं. भाषेच्या स्वतःच्या एकाही प्रकाराला तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. इतरांनी अर्थ भरावा म्हणून रिकामी खुर्ची मांडली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सारंगपाणी देवळाकडे गेलो. देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं घर आहे. कुंभकोणमच्याच टाऊन हायस्कुलात ते शिकले. मास्तर म्हणाले, कुठल्याही संख्येला तिनेच भागलं तर एक येतो, तेव्हा या मुलाने शून्याला शून्याने भागलं तरी का, असं विचारलं, ही आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगतात. घरी परतताना भाची म्हणाली, भास्कराचार्यांनी शून्याने भागण्याचं काय केलंय?

त्यांनी त्याला नाव दिलंय: खहर. ज्याचा छेद शून्य आहे अशी राशी. तिच्यात काहीही मिळवा, काहीही वजा करा, ती बदलत नाही; प्रलयात आणि उत्पत्तीत कितीही जीव आत गेले-आले तरी अनंत अच्युत जसा बदलत नाही, तशी. सारंगपाणी हे विष्णूचंच देऊळ, आत्ताच दर्शन घेऊन आलेलो.

भाचीने रात्री 'खहर' नावाचा क्लास लिहिला. __ॲड__: स्वतःलाच परत कर. __सब__: स्वतःलाच परत कर. __आरॲड__ या वेळी तिने न सांगता लिहिली. खहर + ५, खहर. ५ + खहर, खहर. खहर - १०००, खहर. मग तिने खहर - खहर लिहिलं, आणि तिच्या नियमाने तेही खहर आलं.

"हे बरोबर आहे का, मावशी?"

संगणकातल्या दशांश संख्यांचं जे मानक १९८५ साली ठरलं त्यात अनंतातून अनंत वजा केलं तर उत्तर 'संख्या नाही' असं येतं, हे मी तिला सांगितलं. तिने थोडा विचार केला. मग __सब__ मध्ये एक अट वाढवली: समोरही खहरच असेल, तर 'नॉट-इम्प्लिमेंटेड'. दोन्ही बाजूंना एकच जात असल्यामुळे पायथन अशा वेळी उजवीकडे विचारायलाही जात नाही, थेट चूक सांगतं. तिने ते चालवून बघितलं, चूक वाचली, आणि ती ओळ तशीच ठेवली.